दाराची परवली

जुन्या वऱ्हाडी वाड्यांस एक मोठें दार असे आणि त्या दाराच्या पोटांत एक लहानशी दिंडी असे. दिवेलागणीनंतर मोठें दार मिटे, अडसर बसे, आणि मागाहून घरीं येणाऱ्यानें दिंडीशीं उभें राहून हांक दिली म्हणजे आंतलें माणूस आवाज ओळखून कडी काढी. आवाज हीच त्या काळची परवली. आज अकोल्याच्या जठारपेठेंत आमच्यासारख्यांच्या घरांवर मजले चढले आहेत, अडसराच्या जागीं लोखंडी सरकतें फाटक आलें आहे, आणि आवाज ओळखण्याचें काम यंत्राकडे गेलें आहे. यंत्रानें ओळख दाखविली नाहीं म्हणजे घरच्याच माणसावर दाराबाहेर उभें राहण्याची पाळी कशी येते, हें आम्ही गेल्या हिवाळ्यांत शिकलों. आणि तेंही येथल्या फाटकापाशीं नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडे, आमच्या लेकीच्या दारापाशीं. ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत अशा वाचकांस या अनुभवाचा कांहीं उपयोग होईल, म्हणून तो येथें सविस्तर देत आहों.

एडिसन गांवची हकीकत

आमची धाकटी कन्या अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत एडिसन या गांवीं राहते. विजेच्या दिव्यामुळें जगप्रसिद्ध झालेले थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गांवच्या हद्दींत होती. त्यांच्या स्मरणार्थ १९५४ सालीं गांवानें हें नांव घेतलें. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

लेकीच्या बाळंतपणासाठीं आमच्या सौभाग्यवती तिकडे गेल्या होत्या. जावईबापूंचें काम फिरतीचें. सोमवारीं पहांटे निघावें आणि गुरुवारीं रात्रीं परतावें, असा त्यांचा क्रम. बाळ दोन महिन्यांचें झालें, आणि लस टोंचण्यासाठीं, वजन पाहण्यासाठीं त्याला मोटारींतून नेणें-आणणें लेकीकडे आलें.

तिकडील घराची रचना सर्वच वाचकांस ठाऊक असेल असें नाहीं. घराला पुढचें दार असतें, पण तें पाहुण्यांचें. घरच्या माणसांचा खरा राबता मोटारखान्याच्या दारानें. मोटारखाना घराला चिकटून असतो. त्याचें दार आडव्या फळ्यांचें, रुळांवरून वर छताशीं सरकणारें. असें वर उचललें जाणारें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं काढलें आणि १९२६ सालीं त्याला विजेच्या यंत्राची जोड दिली. दार वजनानें चांगलें भारी असतें, पण तें पीळदार स्प्रिंगांनीं तोलून धरलेलें असल्यामुळें लहानसें यंत्रही तें सहज उचलतें. गल्लीच्या तोंडाशीं मोटार आली कीं बटण दाबावें, दार वर जावें, मोटार आंत न्यावी, पुन्हां बटण दाबून दार मिटावें, आणि आंतल्या आंत स्वयंपाकघरांत शिरावें. बाहेर बर्फ असो कीं काळोख असो, माणसाचा पाय उघड्यावर पडत नाहीं.

हें बटण दोन ठिकाणीं असूं शकतें. एक, हातांत मावणारा सुटा रिमोट; दुसरें, मोटारीच्याच आरशांत अथवा छतांत कायमचीं बसविलेलीं तीन बटणें. लेकीच्या मोटारीच्या आरशांत अशीं बटणें होतीं, परंतु मोटार घेतल्यापासून तीं दाराशीं कधीं जुळलींच नव्हतीं. चालणारा रिमोट एकच. तो जावईबापूंच्या मोटारींत, म्हणजे आठवड्यांतून चार दिवस विमानतळावर. तेव्हां लेकीनें वळणावरून आईला फोन करावा आणि आईनें मोटारखान्यांत जाऊन भिंतीवरची कळ दाबावी, असें चाललें होतें. सौभाग्यवती शाल पांघरून खिडकीशीं बसत व द्वारपालाचें काम करीत.

जानेवारींतील एका सायंकाळीं त्या देवापाशीं दिवा लावीत होत्या आणि फोन वरच्या मजल्यावर राहिला होता. लेकीनें दोनदां फोन केला, उत्तर नाहीं. तेव्हां बाळाला मोटारींत ठेवून ती पुढच्या दाराच्या पायऱ्या चढूं लागली. पायरीवर बर्फाचा कांचेसारखा थर होता. ती पडली, मनगट मुरगळलें, आणि तिला उठतां येईना तोंवर मोटारींत बाळ रडत राहिलें. किती वेळ? ती म्हणते, दोन मिनिटें. तिच्या आईच्या मतें पांच. आम्हांस ही हकीकत दोन दिवसांनीं कळली, आणि तीही "काळजी करण्यासारखें कांहीं नाहीं" अशा प्रस्तावनेसह.

सौभाग्यवतींचें परतीचें तिकीट दहा दिवसांवर आलें होतें. त्या परतल्यावर खिडकीशीं कोण बसणार? रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून तान्ह्या बाळासाठीं कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. आमच्या लेकीवर तसा प्रसंग एका बटणापायीं यावा, हें आम्हांस सहन होईना. आम्हीं आयुष्यभर शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. दहा दिवसांत हें बटण जुळवावयाचेंच, असा निश्चय करून आम्ही जठारपेठेंत बसूनच कामास लागलों. हिवाळ्यांत अकोला आणि एडिसन यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचें अंतर असतें. तिकडे सायंकाळचे सात वाजत, तेव्हां आमच्याकडे पहांटेचे साडेपांच. चहाचा पेला एका हातांत व फोन दुसऱ्या हातांत, अशी आमची प्रयोगशाळा सुरू झाली.

जुळणें म्हणजे काय?

बटण दाबलें म्हणजे मोटारींतून रेडिओच्या लहरींवर एक संकेत निघतो. यंत्रांतील ग्राहकास तो ओळखीचा वाटला तरच दार हलतें. गडावर रात्रीं पहारेकऱ्यास परवलीचा शब्द सांगावा, तसाच हा प्रकार.

पूर्वींच्या यंत्रांत हा शब्द कायमचा ठरलेला असे. रिमोटांत आणि यंत्रांत बारीक खटक्यांची एक ओळ असे. दोहोंकडील खटके सारखे ठेवले कीं काम झालें. बारा खटके, प्रत्येक वर किंवा खालीं, म्हणजे एकंदर ४,०९६ शब्द. ऐकावयास ही संख्या मोठी वाटते, पण यंत्राच्या हिशेबीं ती कांहींच नव्हे. सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानें २०१५ सालीं लहान मुलींच्या एका खेळण्यांत फेरफार करून अशा जातीचें दार दहा सेकंदांच्या आंत उघडतां येतें हें दाखवून दिलें. त्याची युक्ति आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. वृत्तांचे गण शिकतांना आपण "यमाताराजभानसलगा" घोकलें आहे. लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरी आठ गण वेगवेगळे लिहिले तर चोवीस अक्षरें लागतात; या सूत्रांत तेच आठ गण एकमेकांत गुंफले गेल्यामुळें दहा अक्षरांत भागतें. पहिल्या अक्षरापासून तीन घ्या, दुसऱ्यापासून तीन घ्या. दर वेळीं नवा गण हातीं येतो. कामकारनेंही हेंच केलें. बारा-बारा खटक्यांचे ४,०९६ शब्द वेगळे उच्चारावयाचे तर एकोणपन्नास हजारांवर खुणा लागत्या. गुंफून उच्चारले तर चार हजार एकशें सात खुणांत सारे येतात. जुनीं यंत्रें शब्दाची सुरुवात कोठें आणि शेवट कोठें हें पाहत नसत, म्हणून तीं या माळेला फसलीं.

यावर उपाय म्हणजे दर वेळीं बदलणारी परवली. येथें रिमोट आणि यंत्र या दोघांजवळ एक सामाईक गुप्त किल्ली व एक मोजणी असते. बटण दाबलें कीं मोजणी एकानें पुढें सरकते, आणि किल्ली व मोजणी मिळून नवा शब्द घडतो. यंत्र पुढचा शब्द, किंवा त्याच्या पुढले कांहीं शब्द, मान्य करतें. एकदां होऊन गेलेला शब्द पुन्हां कधींही मानीत नाहीं. त्यामुळें चोरानें आपला आजचा शब्द टिपून घेतला तरी उद्यां तो शिळा झालेला असतो. कीलॉक नांवाची अशी एक पद्धति दक्षिण आफ्रिकेंतील नॅनोटेक या कंपनींत तयार झाली. १९९५ साली मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीनें ती एक कोटी डॉलरना विकत घेतली. पुढें २००८ सालीं जर्मनींतील बोखुम येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं तीही फोडून दाखविली. कुलूप आणि चोर यांची ही शर्यत फार जुनी आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मोटारींत बसविलेल्या बटणांची सर्वांत प्रसिद्ध योजना होमलिंक या नांवाची. २०१३ सालीं जेन्टेक्स कंपनीनें ती जॉन्सन कंट्रोल्स या कंपनीकडून घेतली. या योजनेंत जुळणी एकदां नव्हे, दोनदां करावी लागते. पहिली भेट हातांतील रिमोट व मोटारीचें बटण यांची. रिमोट बटणापासून दोन-तीन इंचांवर धरून दोन्ही दाबून ठेवावयाचीं. आरशांतील बारीक दिवा आधीं सावकाश मिचकावतो, नंतर झपाट्यानें. म्हणजे मोटार रिमोटाची भाषा व लहर शिकली. परंतु जेथें परवली बदलती आहे तेथें एवढ्यानें भागत नाहीं. कारण मोटार भाषा शिकली तरी यंत्राच्या वहींत मोटारीचें नांव कोठें आहे? म्हणून दुसरी भेट मोटार व यंत्र यांची. छताच्या यंत्रावर एक "शिकण्याचें" बटण असतें. तें एकदां दाबून सोडावयाचें, आणि सुमारें तीस सेकंदांच्या आंत मोटारींत येऊन आरशाचें बटण दोन-तीनदां दाबावयाचें. पुष्कळ लोक पहिल्या भेटीवर थांबतात आणि मोटारीला दोष देतात.

निदान

शुक्रवारीं जावईबापू घरीं होते. पहिली भेट त्यांनीं आमच्या देखत घडविली. शिकविलेलें बटण दाबतांच आरशांतील दिवा दोन सेकंद झपाट्यानें मिचकला आणि मग स्थिर झाला. ही खूण महत्त्वाची आहे. दिवा एकसारखा स्थिर लागला तर परवली कायमची, व काम संपलें; आधीं मिचकून मग स्थिर झाला तर परवली बदलती, व दुसरी भेट बाकी. म्हणजे आरसा शिकला होता.

दुसरी भेट मात्र चार वेळां करूनही जुळेना. लेक म्हणाली, "बाबा, आरसाच बदलावा लागेल म्हणतात." ज्या पेढीकडून मोटार घेतली तिनें तसा सल्ला दिला होता, आणि नव्या आरशाची किंमत ऐकून आमचा चहा निवला.

"आरसा शिकला हें आतांच दिसलें. मग तो बदलून काय होणार?" आम्हीं विचारलें.

"अहो बाबा," जावईबापू म्हणाले, "मीं मागच्या आठवड्यांत नवा सुटा रिमोटही आणला. मोटारींत बसून तोही शिकवून पाहिला. तोही जुळला नाहीं."

ही गोष्ट त्यांनीं आधीं सांगितली नव्हती. आरसा एक कंपनी करते, रिमोट दुसरी. दोन निरनिराळे वक्ते बोलत असतां श्रोता ऐकत नसेल, तर दोष वक्त्यांचा कीं श्रोत्याचा? आमचें लक्ष मोटारीवरून यंत्राकडे वळलें.

"तुमचा जुना रिमोट तरी नीट चालतो ना?"

"संध्याकाळीं येतांना अगदीं कोपऱ्यावरून चालतो. सकाळीं निघतांना मात्र दार मिटेना. दाराशीं येऊन तीन-चार वेळां दाबावा लागतो. बॅटरी नवी घातली, तरी तेंच."

तोच रिमोट, तीच जागा, तेंच यंत्र; सायंकाळीं ऐकतें आणि सकाळीं ऐकत नाहीं. या कोड्यानें आमची ती पहांट गेली. थंडी म्हणावी, तर ती सकाळीं आणि सायंकाळीं दोन्ही वेळां होती.

त्याच दिवशीं दुपारीं आमच्या इमारतीच्या सरकत्या फाटकाची मोटार दुरुस्त करण्यास येथला कारागीर आला. वय तिशीचें, शिक्षण बेताचें, हात मात्र सरावलेला. आमच्या फाटकाचा रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, अमेरिकेंतील मोटारखान्यांचे बहुधा ३०० ते ३९० च्या दरम्यान. तरी विद्या एकच. आम्हीं त्याला सारी हकीकत सांगितली. तो हातांतला पाना खालीं ठेवून म्हणाला, "काका, मशीन चांगलं हाय, रिमोट बी चांगला हाय. पन कानापाशी कोनी ढोल वाजवून राह्यलं तं आयकू कसं येईन? तिथं ढोल कोन वाजवते, ते पाहा."

पदवी आमच्याजवळ होती, पण निदान त्याचें होतें. ढोल! आम्हांस आमचें लहानपण आठवलें. नागपूर केंद्रावर नाट्यसंगीत रंगांत यावें आणि तेवढ्यांत शेजारच्या घरीं मिक्सर सुरू होऊन रेडिओनें खरखर करावी, हा आमच्या पिढीच्या सर्वांचा अनुभव. अमेरिकेंतही मोठ्या प्रमाणावर असें घडलें आहे. २००४-०५ च्या सुमारास कांहीं लष्करी तळांच्या आसपास लोकांचीं मोटारखान्याचीं दारें एकाएकीं रिमोटाला जुमानीनाशीं झालीं. सैन्यानें ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत नवी रेडिओ-योजना चालू केली होती, आणि त्या काळचीं बहुतेक यंत्रें ३९० वर कान लावून बसलेलीं होतीं.

मग एडिसनच्या मोटारखान्यांत ढोल कोणता? सायंकाळीं जावईबापू येतात तेव्हां आंत अंधार असतो. दार उघडलें कीं यंत्रावरचा दिवा आपोआप लागतो आणि चार-पांच मिनिटांनीं आपोआप मालवतो. सकाळीं निघतांना ते भिंतीची कळ दाबून दार उघडतात, म्हणजे दिवा लागलेला असतो. आणि तो लागलेला असतांनाच बाहेरून रिमोट दाबतात. जुळणीच्या वेळींही शिडीवर चढतांना उजेड हवा म्हणून तोच दिवा आधीं लावीत. दिवा लागला कीं यंत्र बहिरें!

दुसऱ्या पहांटे आम्हीं विचारलें, "त्या यंत्रावर दिवा कोणता आहे?"

"एल. ई. डी.," लेक म्हणाली. मग किंचित् थांबून ती पुढें म्हणाली, "दिवाळींत बदलले, बाबा. वीज वांचते म्हणून तुम्हींच सांगितलें होतें."

ज्या गृहस्थानें विजेचा दिवा घरोघर नेला त्याच्याच गांवीं दिव्यानें दार अडविलें, आणि तो दिवा आमच्याच उपदेशानें तेथें गेला होता. याला काय म्हणावें! एल. ई. डी. दिव्याच्या बुडाशीं विजेचा दाब बदलणारें एक लहानसें मंडल असतें. तें सेकंदास हजारों वेळां वीज चालू-बंद करतें, आणि बनावट हलकी असली म्हणजे त्यांतून रेडिओची खरखर बाहेर पडते. दिवा ग्राहकाच्या तारेपासून हातभर अंतरावर. मग दूरच्या मोटारीचा क्षीण आवाज त्या गोंगाटांत कोठून ऐकूं येणार?

परीक्षा सोपी होती. जावईबापूंनीं दोन्ही दिवे फिरवून काढले, आणि सौभाग्यवतींनीं खालून विजेरी धरली. शिकण्याचें बटण दाबून ते शिडीवरून सांवकाश उतरले. लेक मोटारींत बसलीच होती. तिनें आरशाचें बटण एकदां दाबलें, दोनदां दाबलें, आणि दार हललें. खरेपणासाठीं आम्हीं दिवे पुन्हां बसवावयास लाविले. दार पुन्हां बहिरें. काढले; पुन्हां शहाणें. एवढें झाल्यावरच आमचें समाधान झालें. यंत्रासाठीं म्हणून मुद्दाम कमी खरखरीचे केलेले दिवे मिळतात; ते सोमवारीं बसले. आरशाचा खर्च वांचला.

घरचें फाटक

दुसऱ्याच्या दाराचें कोडें सुटलें म्हणजे आपल्या दाराकडे लक्ष जातें. आमच्या इमारतींत बारा बिऱ्हाडें. फाटकाचे रिमोट आजवर कोणाकोणाला दिले गेले, याचा हिशेब कोणापाशींच नव्हता. भाडेकरू बदलले, मोटारी विकल्या गेल्या, कांहीं रिमोट हरवले. कायमच्या परवलीचे रिमोट तर बाजारांत पांच मिनिटांत नकलून मिळतात. वाड्याची किल्ली अशी गांवभर वांटली असती काय? त्या कारागिराकडून आम्हीं ग्राहक बदलत्या परवलीचा करून घेतला, त्याची वही कोरी केली, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे रिमोट नोंदवून नवी यादी केली. वीज गेली असतां फाटक हातानें सरकविण्याची किल्ली कोणत्या खुंटीला आहे, हेंही त्या निमित्तानें सर्वांस ठाऊक झालें. मे महिन्याच्या उन्हांत वीज गेलेली असावी आणि फाटकाआड रुग्णास नेणारी गाडी अडावी, हा प्रसंग अकोल्यांत मुळींच अशक्य नाहीं.

लेकीच्या घरीं तर हें काम अधिकच निकडीचें होतें. घर तिनें दुसऱ्याकडून विकत घेतलेलें. जुन्या मालकाचे किती रिमोट यंत्राच्या वहींत अजून नोंदलेले होते, देव जाणे.

कांहीं व्यावहारिक सूचना

ज्यांच्या मुलांस हाच त्रास होत असेल त्यांच्यासाठीं आमचा अनुभव क्रमानें देतों.

१. प्रथम हातांतील रिमोट दुरून नीट चालतो कीं नाहीं, हें दिवा मालवलेला असतांना व लागलेला असतांना, दोन्ही वेळां पाहावें. नुकती घातलेली बॅटरी पुढील सर्व शंका कमी करते.

२. भिंतीवरील फलकावर कुलपाची खूण असलेलें बटण असतें. प्रवासास जातांना तें दाबलें कीं सर्व रिमोट निरुपयोगी होतात. तें चुकून दाबलेलें नाहीं ना, हें पाहावें.

३. पहिल्या भेटीनंतर आरशाचा दिवा काय खूण देतो तें नीट पाहावें. स्थिर लागला तर काम झालें. मिचकून स्थिर झाला तर यंत्राची भेट बाकी आहे.

४. दुसऱ्या भेटीस दोन माणसें असावींत. एकट्यानें शिडी उतरून मोटारीकडे धांवत जाणें हें तीस सेकंदांचें काम नव्हे आणि सुरक्षितही नव्हे.

५. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर जातीच्या यंत्रांवर शिकण्याच्या बटणाच्या रंगावरून पिढी ओळखतां येते. जांभळें बटण ३१५ मेगाहर्ट्झचें, तांबडें-नारिंगी ३९० चें. पिंवळें बटण २०११ नंतरच्या नव्या पद्धतीचें. तें एकाहून अधिक लहरींवर बोलतें. त्यापूर्वींच्या बहुतेक मोटारींस ही पिंवळ्या बटणाची भाषा येत नाहीं. त्यांच्यासाठीं मध्यें दुभाष्याचें काम करणारें एक लहान उपकरण मिळतें. मोटार जुनी व बटण पिंवळें असेल तर व्यर्थ शिणूं नये.

६. कॅनडांतील रिमोट दोन-तीन सेकंदांनीं आपोआप गप्प होतात. तेथें पहिल्या भेटींत रिमोट एकसारखा दाबून न धरतां दर दोन सेकंदांनीं सोडून पुन्हां दाबावा; मोटारीचें बटण मात्र दाबूनच ठेवावें.

७. मोटारीचीं दोन टोंकांचीं बटणें दिवा झपाट्यानें मिचकेपर्यंत दाबून धरलीं कीं सर्व आठवणी पुसल्या जातात. हें आरंभीं एकदांच करावें. दुसरें बटण शिकवितांना पुन्हां केल्यास पहिल्याचें शिक्षणही वाया जातें. मोटार विकतांना मात्र हें विसरूं नये. मोटारीच्या कागदांवर घराचा पत्ता असतो, आणि आरशांत घराची किल्ली.

८. घर विकत घेतलें कीं यंत्राची वही कोरी करावी. शिकण्याचें बटण त्याच्याजवळील दिवा विझेपर्यंत दाबून धरावें; मग घरांतील सर्व रिमोट व मोटारी नव्यानें नोंदवाव्या.

९. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीलगत समोरासमोर दोन "डोळे" असतात. मध्यें मूल वा प्राणी आल्यास खालीं येणारें दार त्यांच्यामुळें परत फिरतें. अमेरिकेंत १९९३ पासून घरगुती यंत्रांस असें साधन सक्तीचें आहे. दार मिटत नाहीं म्हणून हे डोळे कोणीही झांकूं किंवा काढूं नयेत. आधीं त्यांवरची धूळ पुसून पाहावी.

असो. तिकीट ठरल्या दिवसाचेंच होतें. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं लेक बाळाला घेऊन बाहेर गेली होती, आणि आम्ही पहांटेच्या चहाला फोनवरून एडिसनच्या खिडकीशीं हजर होतों. सौभाग्यवती संवयीनें शाल पांघरून बसल्या होत्या. वळणावर मोटारीचे दिवे दिसले. फोन वाजला नाहीं, कोणी उठलें नाहीं. खालीं दार घरघरत वर गेलें, मोटार आंत शिरली, दार मिटलें, आणि थोड्या वेळानें स्वयंपाकघरांत बाळाचा आवाज ऐकूं आला.

तरीही सौभाग्यवतींनीं जातांना एक काम केलें. पुढच्या दाराची एक जास्तीची किल्ली त्यांनीं शेजारच्या घरीं नेऊन दिली आणि पायरीवर टाकावयाच्या मिठाची गोणी दाराशीं आणवून ठेवली. "तुमचें यंत्र उद्यां पुन्हां बहिरें झालें तर?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें, आणि या प्रश्नास पदार्थविज्ञानांत उत्तर नव्हतें.

जठारपेठेंत परत आल्यावर शेजारणीनें त्यांस तिकडची हकीकत विचारली. बाळाचें वजन, थंडी, भाजीचे भाव, सारें सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाकी सगळें छान आहे हो. माझी दारावरची नोकरी तेवढी यांनीं घालविली."